सहा हात वर

"मागे बसून त्या सारखा उसासा टाकतात गं," सुचित्रा म्हणत होती. "बोलत काहीच नाहीत. पण थोड्या थोड्या वेळाने आपला एक उसासा. कुमारला गाणी लावता येत नाहीत, आम्हाला धड भांडताही येत नाही. आजचा दिवस तू घे ना तुमच्या गाडीत."

नळ सुरू झाला, बंद झाला. हात वाळवायचं मशीन घरघरलं.

"हं," शोभना म्हणाली.

कोलोरॅडोच्या डोंगरातल्या त्या गॅस स्टेशनच्या बाथरूममध्ये, मधल्या दारामागे मीनाक्षी पँटची चेन अर्धी हातात धरून उभी होती. उसासे? उसासे टाकणाऱ्या बायका तिला स्वतःलाच आवडत नसत. नऊ हजार फुटांवर, बासष्टाव्या वर्षी श्वास पुरत नाही, मधूनच एक मोठा घ्यावा लागतो, एवढंच होतं ते. पण हे दाराआडून कसं सांगणार? दोघींची पावलं बाहेर जाईपर्यंत ती थांबली. मग उगाचच फ्लश करून बाहेर आली, हात धुतले आणि आरशात बघून लिपस्टिक लावली. राग आला की ती लिपस्टिक लावत असे. तिचा नवरा पुरुषोत्तम त्या रंगाला धोक्याचा बावटा म्हणायचा.

बाहेर पंपापाशी शोभना गॉगल पुसत उभी होती. ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये दोघींची घरं तीन गल्ल्या सोडून, आणि मैत्री पोरं बालवाडीत असल्यापासूनची.

"मीनाक्षी, तू आज केदार-निधीच्या गाडीत बस ना," ती गॉगलशी बोलल्यासारखी बोलली. "नवी गाडी आहे त्यांची. ऐसपैस."

"बसते की," मीनाक्षी म्हणाली.

माणसं तेरा आणि गाड्या सहा. प्रत्येक गाडीची मागची सीट रिकामी. प्रत्येक जोडप्याला आपापली गाणी, आपापला एसी आणि आपापली भांडणं हवी असत. मीनाक्षीने निघताना म्हटलं होतं, मी माझी गाडी आणते. त्यावर सगळे एका सुरात म्हणाले होते, एकटीने कशाला घाट चढवतेस, आम्ही आहोत ना. म्हणून ती शाळांच्या स्पर्धेतल्या फिरत्या चषकासारखी रोज वेगळ्या गाडीत बसत होती. फरक एवढाच, की चषक लोकांना हवा असतो.

ही जुलैची सहल मुळात पुरुषोत्तमचीच. जुलैत ॲरिझोनात माणूस भाजून निघतो, तेव्हा निदान चार दिवस कुठेतरी थंडगार अंधारात जाऊन बसावं, हे त्याच्या डोक्यातून निघालेलं. चिप बनवणाऱ्या कंपनीतली नोकरी पोटासाठी आणि गुहा जिवासाठी. चुनखडीच्या गुहा झाल्या, लाव्हाच्या नळ्या झाल्या, जुन्या खाणी, रेल्वेचे सोडून दिलेले बोगदे. पाच जोडपी त्याच्यामागून हेल्मेट घालून, कुरकुरत, वाकून चालायची, आणि मागाहून वर्षभर त्याच गप्पा मारायची. सहावं जोडपं ते दोघं.

दीड वर्षापूर्वी फेब्रुवारीत तो गेला. ऑफिसच्या पार्किंगमध्येच, हृदय बंद पडून. मागचा उन्हाळा सहलीविना गेला. या वर्षी कुमारने सूत्रं हातात घेतली आणि नागपूरकडचं केदार आणि निधी हे नवं जोडपं आणलं. म्हणजे पुन्हा सहा जोडपी. आणि मीनाक्षी.

यायलाच हवं होतं तिला, कारण मुलाला उत्तर द्यायचं होतं. वेदांत तिकडे मॅसॅच्युसेट्सला, श्रूजबरीत. त्याने तळघरात आईसाठी खोली करून ठेवली होती, वेगळं बाथरूम, वेगळं स्वयंपाकघर. चँडलरचं घर विकायला काढू का, एवढंच या महिनाअखेर त्याला सांगायचं होतं. "आई, तिथे तुझं आहे कोण?" तो फोनवर म्हणायचा. "माझी माणसं आहेत की," ती म्हणायची. प्रत्येक वेळी तेच वाक्य, जरा जास्त मोठ्या आवाजात. या सहलीत सगळ्यांच्या मधोमध उभी असलेली ती, असा एक फोटो त्याला पाठवला की विषय संपला, असं तिने मनाशी धरलं होतं.

केदारच्या गाडीत दोघं फार सभ्यपणे वागत होती. काकू, एसी ठीक आहे ना? काकू, पाणी हवं? त्यांचं काहीतरी बिनसलेलं होतं, ते सीटबेल्टसारखं आवळून धरलं होतं. मीनाक्षीने त्या अख्ख्या कच्च्या चढावर एकही मोठा श्वास घेतला नाही. उतरली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

गाड्या लावल्या तिथून बोगद्याचं तोंड दिसत होतं. शंभरएक वर्षांपूर्वी चांदीच्या खाणवाल्यांनी डोंगराची एक सोंड आरपार फोडून पलीकडच्या घळीत जायला वाट केली होती. चांदी संपली, माणसं गेली, बोगदा राहिला. आत शिरलं की दहा पावलांत उजेड मागे पडायचा, आणि मध्ये एक वळण होतं तिथे पुढचं तोंडही दिसायचं नाही नि मागचंही. छतातून पाणी ठिबकत होतं. पायाखाली गंजलेले रूळ, बाजूला सरपणासारखी काळी पडलेली लाकडं. पुरुषोत्तम इथे सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावून एक मिनिट गप्प उभं करायचा. अंधार ऐका, म्हणायचा. कुमारने ब्लूटूथचा स्पीकर आणला होता.

पलीकडे घळ. हिवाळ्यात दोन्ही कड्यांवरून कोसळलेलं बर्फ घळीत साठून दगडासारखं झालं होतं, आणि ओढ्याने ते खालून पोखरत पोखरत त्याची गुहा केली होती. तोंडाशी उभं राहिलं की फ्रीज उघडा राहावा तसा गारवा अंगावर येत होता. छत निळं, आणि तांब्याच्या हंड्याला असतात तसे त्यावर ठोके. सगळीकडून थेंब गळत होते. बाहेर पाटी होती, आत जाऊ नका, छत कोसळतं.

"तोंडाशीच उभे राहा हं," मीनाक्षी म्हणाली. "जुलैत याचा भरवसा नसतो. पुरुषोत्तम कधीच..."

"हो हो वहिनी, दोन मिनिटं फक्त," कुमार म्हणाला. "बॅकग्राउंडला निळं यायला पाहिजे. तुम्हीच काढा ना. तुमचा हात स्थिर आहे."

स्थिर हात दोन दिवस तेच करत होता. एकेक जोडपं बर्फाच्या कमानीखाली जाऊन उभं राहिलं. तिच्या हातात एकेक फोन आला आणि गेला. फोटोत नीट दिसावं म्हणून प्रत्येकाने आपापलं ओझंही तिच्याकडेच दिलं. कुमारचं जाकीट, सुचित्राची पर्स, कोणाची टोपी, चहाचा थर्मास, भडंगाचा डबा. धर गं जरा. धरता का काकू. शेवटी शोभना आणि संजय. संजयची मागच्या वर्षी बायपास झालेली, म्हणून शोभनाने त्याच्या कोपराला धरलं होतं. फोटोत प्रेमळ दिसत होतं. मग ग्रुप फोटो. बारा जण दाटीवाटीने, हात एकमेकांच्या खांद्यांवर.

"आता कोणीतरी माझा..." तिने तोंड उघडलं, तेवढ्यात कड्यामागे ढग गडगडला.

डोंगरातलं दुपारचं वादळ काही पूर्वसूचना देऊन येत नाही. चला चला करत सगळे बोगद्याकडे पळाले. मीनाक्षी दोन मिनिटं मागे राहिली. मुद्दाम राहिली. सगळ्यांना दाखवलेलं निळं तिने स्वतः अजून डोळे भरून पाहिलं नव्हतं. एका हाताने ओझं सांभाळत, दुसऱ्या हाताने फोन लांब धरून तिने स्वतःचा फोटो काढला. त्यात तिचं अर्धं कपाळ आलं आणि कुमारचं जाकीट.

मग गारा आल्या. बोरांएवढ्या. ती बोगद्यात शिरली, भिंतीला हात लावत, दर थोड्या पावलांनी श्वासासाठी थांबत, वळण पार करून पलीकडच्या तोंडाशी आली. तिथून तिने पाहिलं ते असं, की गारांच्या पडद्यामागे खिडक्यांतून एकेक हात बाहेर आला होता.

ही हजेरीही पुरुषोत्तमचीच. नवऱ्याने बायको बघायची, बायकोने नवरा, आणि जोडीचा एक हात वर. सहा हात दिसले की निघायचं. इतकी वर्षं सहा म्हणजे सगळे.

"सहा!" कुमारचा आवाज आला. "चला!"

तिने हाक मारली. गारा पत्र्यावर वाजाव्यात तशा सहा गाड्यांच्या टपांवर वाजत होत्या. वळणावर लाल दिवे दिसले, आणि नंतर नुसता रस्ता दिसला.

पहिल्यांदा तिला हसू आलं. आता येतील परत, म्हणून. फोनला रेंज नव्हती, पण रस्ता एकच होता. ती बोगद्याच्या तोंडाशी, कोरड्या जागी, कुमारचं जाकीट चिखलात अंथरून त्यावर बसली. जाकीट नवीन होतं. बसल्यावर तिने ते जरा सारखंही केलं नाही.

हसू फार टिकलं नाही. थर्मासातला चहा तिने झाकणात ओतून प्यायला. दुसऱ्यांदाही प्यायला. भडंग खाल्लं, आधी शिष्टपणे, मग मुठीने. गारा थांबून पाऊस आला, पाऊस थांबून ऊन आलं, आणि रस्ता तसाच.

राग वर चढायला लागला. कोणाकोणावर म्हणून येणार? कुमारवर, त्याच्या स्पीकरवर. सुचित्रावर, जिच्या बाळंतपणात ही महिनाभर डबे पोचवत होती. पुरुषोत्तमवर. हो, त्याच्यावरही. हजेरीची पद्धत काढलीस, तिच्यात एकट्या माणसाचा हात कुठे बसवायचा ते तुला सुचलं नाही? पार्किंग लॉटमध्ये मरून पडायचं सुचलं. आणि स्वतःवर. दीड वर्ष ही डबे नेतेय, नातवंडांच्या बारशांना जातेय, कोणाचं घर बंद असलं तर झाडांना पाणी घालतेय. आपण ज्यांना आपली माणसं म्हणत होतो, त्यांच्याकडे आपण कामाला लागलो होतो.

एक गोरी बाई कुत्रा घेऊन वरून उतरली, तिच्या पिकअपपाशी थांबली. तू एकटी आहेस का, खाली सोडू का, तिने विचारलं.

"नाही, माझे लोक येतायत," मीनाक्षीने इंग्रजीत सांगितलं.

बाईने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, चिखलातल्या जाकिटाकडे पाहिलं, पुन्हा विचारलं. मीनाक्षी पुन्हा नाही म्हणाली. जाता आलं असतं. खाली गावात जाऊन, गरम सूप मागवून, त्यांच्यासमोर ऐटीत बसताही आलं असतं. पण जिथे सोडून गेले तिथेच ती त्यांना सापडायला हवी होती. चिखलासकट.

पिकअप गेली, आणि थोड्या वेळाने बोगद्यातून एक आवाज आला. पलीकडून. आधी सुकं लाकूड मोडल्यासारखा, मग जमिनीतून पायांपर्यंत येणारा दणका. बोगद्यातून थंड हवेचा झोत तिच्या पाठीवर आला. ती धडपडत उठली. बर्फाचं छत. जिथे एकेक जोडपं कमानीखाली उभं राहिलं होतं, तिथलंच असणार.

कोणी होतं का खाली, हा पहिला विचार. मग लक्षात आलं, कोणी असलं तर ती एकटीच असणार होती. आणि त्यामागोमाग तिसरा विचार आला, जो तिने पुढे कधी कोणाला सांगितला नाही. मी तिथे असते तर बरं झालं असतं. मग सातवा हात शोधला असता त्यांनी. बर्फ उकरून शोधला असता.

तो विचार आल्यावर ती इतकी संतापली, की बूट आपटत बोगद्याच्या तोंडापासून रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली.

ऊन कड्याआड जायला लागलं तेव्हा कुमारची मोठी गाडी धूळ उडवत आली आणि तिच्यामागे केदारची. कुमार, सुचित्रा, संजय, शोभना, केदार, निधी. सगळे एकदम उतरले आणि दोन पावलांवर थबकले.

"वहिनी, अहो काय हे," कुमार म्हणाला. "जीव घाबरा केलात आमचा."

"मी केला?"

"म्हणजे तसं नाही. तुम्ही मागे राहिलात, आम्हाला काय कल्पना? सहा हात वर आले, म्हणून निघालो. तुमच्याच पुरुषोत्तमची सिस्टिम."

"आपण तेरा जण आहोत, कुमार. तेराचे निम्मे किती?"

कुमारची नजर खाली चिखलातल्या जाकिटावर गेली.

"आम्हाला वाटलं तुम्ही संजयकाकांच्या गाडीत आहात," केदार म्हणाला. "शेवटचा फोटो त्यांचाच काढत होतात ना."

"आम्हाला वाटलं, तुमच्या गाडीत," संजय म्हणाला. मग त्याने जरा हसून पाहिलं. "चला, वहिनींना प्रायव्हेट बोगदा मिळाला. आम्हाला तर खाली सँडविचसुद्धा गार मिळालं."

त्याने हसू आवरून घेतलं.

"तुम्ही ठीक आहात ना पण?" सुचित्रा पुढे आली. "थंडी वाजतेय का? आणि माझी पर्स..."

"सुचित्राकाकू," निधी मध्येच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सॉरी काकू. रिअली. खाली जेवायला बसलो, तर पर्स सापडेना. मग काकू म्हणाल्या, ती मीनाक्षीकाकूंकडे आहे. मग आम्ही मीनाक्षीकाकू कुठल्या टेबलवर आहेत ते बघायला..."

केदारने तिचा हात दाबला. उशीर झाला होता.

मीनाक्षीने खांद्यावरची पर्स काढली आणि सुचित्राच्या हातात दिली. फार जपून दिली, जणू तिच्यात तान्हं मूल होतं.

"म्हणजे पर्स हरवली," ती म्हणाली. "मी नाही."

"असं काय बोलता हो?" सुचित्रा रडवेली झाली. "विसरलो आम्ही. चुकलंच. गारा, पळापळ. माणूस विसरतो."

"विसरलो म्हणू नकोस. छत्री विसरतात. मला तुम्ही दोन दिवस या गाडीतून त्या गाडीत देताय. विसरायला आधी कोणीतरी लक्षात ठेवलेलं असावं लागतं. फोन काढा बघू सगळ्यांनी. दोन दिवसांत किती फोटो काढले मी तुमचे? एका तरी फोटोत मी आहे का, दाखवा."

कोणाचाही हात खिशाकडे गेला नाही. मागे बोगद्यातून पलीकडचा ओढा वाजत होता. पाऊस पडून गेल्यावर त्याचा आवाज वाढला होता.

"वहिनी, शांत व्हा," कुमार म्हणाला. "आज पुरुषोत्तम असता ना, तर असं झालंच नसतं."

"नसतंच झालं. तो असता तर माझा हात धरला असता तुम्ही हिशेबात." तिचा आवाज चढला, आणि त्या उंचीवरचा श्वास अर्ध्या वाक्यात तुटला. तिने सगळ्यांसमोर एक भलामोठा श्वास घेतला. "त्याचं नाव पुढे करू नका. तो मेला. मी मेलेली नाही."

सगळे जमिनीकडे बघायला लागले. एकटी शोभना बघत नव्हती. गाडीच्या दाराला टेकून उभी होती, आणि पहिल्यांदाच आज सरळ मीनाक्षीच्या तोंडाकडे बघत होती.

"शोभना," मीनाक्षी म्हणाली. "तूही विसरलीस?"

"नाही," शोभना म्हणाली.

"शोभना, जाऊ दे ना, बसू या गाडीत," संजय म्हणाला. "यांना थंडी वाजत असेल."

"तू थांब रे. सकाळपासून मी हं हं करतेय." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "मी विसरले नाही, मीनाक्षी. बोगद्यातून बाहेर आले तेव्हा मी मागे वळून पाहिलं. तू नव्हतीस. यानं विचारलं, वहिनी कुठे आहेत. मी म्हटलं, असेल केदारच्या गाडीत. मला माहीत नव्हतं तू तिथे आहेस की नाही. उतरून बघितलं असतं, तर तुला आमच्या गाडीत घ्यावं लागलं असतं. म्हणून मी हात वर केला."

"पण का? माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. तू मागे बसलीस ना, की सबंध रस्ता मी याच्या छातीकडे बघत बसते. हा नुसता खोकला तरी माझे हात गार पडतात. सुचित्राचंही तेच आहे, तिला विचार, सकाळी बाथरूममध्ये मला सांगत होती ते तुझे उसासे काय नि गाणी काय, सगळी थापेबाजी आहे. कोणी बोलत नाही. मी बोलते. आम्हाला तू नको झालीयेस, मीनाक्षी. पुरुषोत्तमला पोचवून घरी आलो, त्या दिवसापासून नको झालीयेस. तू दारात उभी राहिलीस की आम्ही सगळ्या एकच मोजत असतो, आपल्यातली पुढची कोण."